फोनवरचे हसणे आणि दुकानाचा हिशेब

लोणी काळभोरच्या बाजारात दुपारी दोन ते चार ही मंदीची वेळ. सकाळचे गिऱ्हाईक घरी गेलेले असते, संध्याकाळचे अजून निघालेले नसते. पूर्वी या वेळेत दुकानदार थानांच्या घड्या नीट करीत, उधारीची वही काढून बसत किंवा गादीवरच एक डुलकी घेत. आता याच वेळी बाजारातून फेरी मारली तर दुकानादुकानातून हसण्याचा आवाज येतो. किराणावाला 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' पाहत असतो, चप्पलवाल्याच्या फोनवर 'तारक मेहता' चालू असते, समोरचे टेलरमास्टर कानात वायर घालून एकटेच हसत असतात. आमचे दुकानही याला अपवाद नाही. हे आम्ही आधीच कबूल करतो, कारण हा लेख लिहिण्याची वेळ आमच्याच दुकानातील एका प्रसंगामुळे आली.

गोष्ट मागच्या हिवाळ्यातील. आम्ही, आमचा मुलगा आणि दुकानात कामाला असलेला पोऱ्या असे तिघे एकाच फोनवर डोके घालून एका जुन्या विनोदी नाटकाचा तुकडा पाहत होतो. आम्ही तो पूर्वी अनेकदा पाहिलेला, तरी हसून हसून डोळ्यांत पाणी आले होते. तुकडा संपला, डोळे पुसत मान वर केली, तर काउंटरपाशी एक वयस्क गृहस्थ उभे होते. ते केव्हा आले, किती वेळ उभे होते, आम्हा तिघांपैकी एकालाही कळले नव्हते. ते हळूच म्हणाले, "भाईजान, लठ्ठा पाहिजे होता. कफनासाठी."

कफनाच्या कापडावर आमच्या दुकानात नफा घेत नाहीत. ही वडिलांपासूनची रीत आहे आणि त्या दिवशीही ती पाळली गेली. पण त्याने काय होते? त्या गृहस्थांच्या घरी मय्यत होती आणि ते आमचे हसणे संपण्याची वाट पाहत उभे होते. ते एक शब्द बोलले नाहीत. कापड घेतले, पैसे मोजून दिले, सलाम केला आणि निघून गेले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर आम्हाला बरे वाटले असते.

हसणे वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. दिवसभर वसुली, उधारी, वाढलेले भाडे आणि परत आलेला चेक यांच्याशी झगडणाऱ्या माणसाने हसायचे नाही तर काय करायचे? पण आम्ही व्यापारी आहोत. एखादी वस्तू फुकट मिळू लागली की तिचे पैसे कोठून तरी निघत असणार, हे आम्हाला कळले पाहिजे. फोनवरचे हसणे फुकट दिसते. त्याची किंमत कोण देतो आणि किती देतो, याचा हिशेब वाचक बंधूंपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जेव्हा हसण्याला भाडे पडत असे

आमच्या पिढीने हसणे विकत घेतलेले आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आम्ही शाळेत जाऊ लागलो तेव्हा टीव्ही असलेले घर मोहल्ल्यात एखादेच असे. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव पाहण्यासाठी त्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडे. आम्ही उर्दू शाळेत शिकत होतो, आमचे मराठी तेव्हा कच्चे होते. पण चिमणरावाची फजिती समजायला व्याकरण लागत नव्हते. निम्मे मराठी आम्ही अशा कार्यक्रमांतून शिकलो, असे म्हटले तरी चालेल. पुढे १९८४ साली 'ये जो है जिंदगी' आले, १९८६ साली 'नुक्कड' आले. आठवड्यातून एकदा अर्धा तास. तो चुकला तर चुकला. त्या अर्ध्या तासासाठी वडील दुकानाचा एक दरवाजा ओढून घेत आणि घरी येत. कार्यक्रम संपला की पुन्हा दुकानात. हसण्याची वेळ ठरलेली होती, त्यामुळे कामाची वेळही ठरलेली राही.

मग व्हिडिओचा जमाना आला. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा, त्याबरोबर तीन कॅसेट, आणि भाड्याची वर्गणी गल्लीतील पाच-सात घरांनी मिळून काढायची. दोन कॅसेट हिंदी सिनेमाच्या असत. तिसरी, मिळाली तर, कराचीच्या स्टेज नाटकाची. उमर शरीफ आणि मोईन अख्तर यांचे 'बकरा किस्तों पे' हे नाटक १९८९ चे. त्याच्या कॅसेट हिंदुस्तानात घरोघर फिरल्या. आमच्याकडे आलेली कॅसेट इतक्या वेळा नक्कल होऊन आली होती की माणसांचे चेहरे पांढरे डाग झाले होते. आम्ही ती आवाजावर पाहिली. हाती काही नसताना थाट करणारा माणूस, हप्त्यांवर घेतलेला माल, तोंडी व्यवहार, हे सगळे आम्हा दुकानदारांच्या घरचेच होते. म्हणून हसू जास्त येत होते. मोईन अख्तर २०११ साली गेले आणि उमर शरीफ २०२१ साली. दोन्ही वेळा आमच्या बाजारातील जुन्या माणसांनी घरचे कोणी गेल्यासारखा अफसोस केला.

त्या कॅसेटसाठी आम्ही भाडे दिले होते, पण ते भाडे त्या कलावंतांपर्यंत पोहोचले नव्हते. कॅसेट चोरीची होती. तेव्हा हा विचार आमच्या मनात आला नाही. तो कसा आला, हे पुढे सांगतो. आधी मालेगावची हकीकत सांगितली पाहिजे, कारण हसण्याचा धंदा कसा उभा राहतो हे आमच्या व्यवसायाच्या माणसांनी तेथे जवळून पाहिले आहे.

मालेगाव : माग आणि कॅमेरा

लोणीचे आणि सिनेमाचे नाते जुने आहे. राज कपूर यांची राजबाग येथेच, मुळा-मुठेच्या काठी. 'सत्यम् शिवम् सुंदरम्' (१९७८) चे चित्रण तेथे झाले. आज त्या जागी एमआयटीचे विद्यापीठ आहे आणि तेथे मुले सिनेमाचे शिक्षण घेतात. 'आवारा' (१९५१) आणि 'श्री ४२०' (१९५५) मध्ये राज कपूर यांनी चार्ली चॅप्लिनच्या भटक्याला आपल्या देशाचा बनवून टाकले, हे सर्वांना माहीत आहे. त्याच चॅप्लिनचे सिनेमे पाहून शिकलेला आणखी एक माणूस आमच्या महाराष्ट्रात आहे. त्याला राजबाग मिळाली नाही. त्याच्याकडे मालेगावचे एक व्हिडिओ पार्लर होते. त्याचे नाव शेख नासिर.

मालेगावचा माल आमच्या दुकानात तीस वर्षांपासून येतो. लुंगी, साडी, अस्तराचे कापड, लठ्ठा. खरेदीला गेल्यावर कानात जो आवाज बसतो तो यंत्रमागांचा. आठवड्याचे सहा दिवस तो थांबत नाही. शुक्रवारी माग बंद असतात, गावात एकदम शांतता होते आणि मजूर सिनेमाकडे वळतात. आठवडाभर धाग्यावर डोळे लावून बसलेल्या माणसाला त्या दिवशी दोन-तीन तास दुसरे काही पाहायचे असते. हे गिऱ्हाईक नासिर यांनी ओळखले. ते लग्नाचे व्हिडिओ काढीत, त्यामुळे कॅमेरा हाती होता. सन २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. खर्च पन्नास हजार रुपयांच्या आसपास. डाकूंना घोडे कोठून आणणार? म्हणून डाकू सायकलींवर आले. नट कोण, तर मागावरचे कामगार, हॉटेलवाले, दुकानदार. व्हिडिओ पार्लरमध्ये लोकांची गर्दी उसळली. आपल्याच गल्लीतला माणूस गब्बर झालेला पाहून कोण हसणार नाही?

पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' निघाला. उडण्याचे दृश्य घ्यायचे तर परदेशात मोठमोठे स्टुडिओ लागतात. मालेगावात हिरवे कापड ताणून बांधले आणि त्याच्यासमोर सुपरमॅनला आडवा धरला. कापडाच्या गावात कापडाला काय तोटा! सुपरमॅनचे काम करणारे शफीक शेख हे यंत्रमाग कामगार होते, अंगाने काटकुळे. हा सिनेमा कसा बनला, याची हकीकत फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात टिपली. तो माहितीपट देशोदेशी दाखवला गेला आणि २०१२ साली आपल्याकडील थिएटरांतही लागला. शफीक शेख यांना त्याचे सुख फार काळ लाभले नाही. त्यांना कर्करोग झाला होता. आपला सिनेमा गावात पडद्यावर लागलेला त्यांनी पाहिला आणि त्यानंतर लवकरच ते गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा याच माणसांवरील हिंदी सिनेमा आला. त्यात सगळ्या देशाला हसवणारे आणि रडवणारे प्रसंग आहेत. आमच्यासारख्या मालेगावला जाणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र त्यात ओळखीच्या गल्ल्या दिसल्या.

व्यापाराच्या नजरेने पाहिले तर या हकीकतीत एक गोष्ट महत्त्वाची आहे. या मंडळींनी परक्या मालाची नुसती दलाली केली नाही. त्यांनी स्वतःचा माल तयार केला. कोणी म्हणेल, 'शोले' तर दुसऱ्याचा होता, त्यांनी नक्कलच केली. होय, केली. पण त्या नकलेत त्यांची मेहनत होती, त्यांचा घाम होता, त्यांची बोली होती. डिझाइन पाहून आपल्या मागावर दुसरे कापड विणणे आणि दुसऱ्याच्या गोदामातून थान उचलून आणणे, या दोन्ही गोष्टींत फरक आहे. पहिल्यावर वाद होऊ शकतो. दुसरीवर वाद होत नाही.

वीस रुपयांचे कार्ड

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. साधारण २०१० साली आमच्या पुतण्याने येथेच मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढले. भांडवल आम्ही दिले. दुरुस्तीत फारसे मिळत नव्हते. मिळत होते ते कार्ड भरून देण्यात. गिऱ्हाईक मेमरी कार्ड घेऊन येई, पुतण्या संगणकावरून त्यात गाणी, सिनेमे, विनोदी नाटके, मालेगावची कॉमेडी, टीव्हीवरील कार्यक्रमांचे तुकडे भरून देई. वीस रुपयांत कार्ड भरून मिळे. साखर कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टरवाले, तेलाच्या डेपोवर टँकर घेऊन आलेले ड्रायव्हर, बांधकामावरचे मजूर, सगळे रांग लावत. टँकरचा नंबर लागेपर्यंत ड्रायव्हरला तासन्‌तास थांबावे लागते. त्याला ते कार्ड म्हणजे सोबत होती.

आम्ही खूश होतो. भाऊ खूश होता. एके दिवशी मालेगावचे एक ओळखीचे व्यापारी आमच्याकडे वसुलीला आले असता सहज त्या दुकानात बसले. गिऱ्हाइकाने मालेगावची कॉमेडी मागितली, पुतण्याने भरून दिली. व्यापारी आम्हाला म्हणाले, "भाई, या पोरांना यातले काय मिळते?" आम्ही म्हणालो, "त्यांना कसे मिळणार? ते तर मालेगावात आहेत." ते हसले आणि म्हणाले, "आमचे कापडही मालेगावातच विणतात. त्याचे पैसे तुम्ही देताच ना?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. गजाने कापड मोजताना बोटभर आखडून मोजले तर आम्ही त्याला चोरी म्हणतो. पोऱ्याने असे केले तर त्याच दिवशी त्याचा हिशेब करून टाकू. आणि येथे पूर्ण थानच्या थान दुसऱ्याचे विकले जात होते, भांडवल आमचे होते, आणि आम्हाला त्यात काही गैर दिसत नव्हते. कारण माल उचलला तरी मालकाच्या गोदामात तो तसाच राहत होता.

कायदा काय म्हणतो, तेही व्यापारी बंधूंनी माहीत करून घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून असे करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी केले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. पैसे घेऊन कार्ड भरणारा ही सवलत कशी मागणार? २०२३ साली सिनेमाचा कायदाही दुरुस्त झाला. सिनेमाची चोरून नक्कल करणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड त्यात आहे. वीस रुपयांच्या कार्डासाठी हा धोका फार मोठा. पण खरे सांगायचे तर आमच्या पुतण्याने काम बंद केले ते कायद्याच्या भीतीने नाही आणि आमच्या सांगण्यानेही नाही. गिऱ्हाईकच बंद झाले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले, आणि काही महिन्यांत कार्ड भरायला कोणी येईनासे झाले.

आता पैसे कोण देतो?

जिओपूर्वी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये पडत. एक तासाचा कार्यक्रम पाहायचा तर माणूस विचार करी. नंतर दर इतके खाली आले की भाजीवाल्या मावशीही गाडीवर बसून मालिका पाहू लागल्या. पाहणारे वाढले तसे दाखवणारेही वाढले. टीव्हीच्या वाहिन्यांनी आपल्या कार्यक्रमांचे तुकडे स्वतःच यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. 'चला हवा येऊ द्या' २०१४ साली टीव्हीवर सुरू झाले, 'हास्यजत्रा' २०१८ साली. दोन्ही कार्यक्रम टीव्हीपेक्षा फोनवर पाहणारेच आमच्या ओळखीत जास्त आहेत. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या मुलांनी २०१६ साली 'भाडिपा' काढले. बारामती भागातील गावकऱ्यांची 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही मालिका तर आमच्या दुकानातील पोऱ्याला तोंडपाठ आहे. आणि मालेगाव येथेही मागे राहिले नाही. शफीक नाट्या, ज्यांना सगळे 'छोटू दादा' म्हणून ओळखतात, त्यांची 'छोटू दादा ट्रॅक्टरवाला' ही कॉमेडी यूट्यूबवर शंभर कोटींहून जास्त वेळा पाहिली गेली आहे. मालेगावात बनलेल्या लुंगीला एवढे गिऱ्हाईक कधी मिळाले असेल काय?

या सगळ्याचे पैसे जाहिरातदार देतो. व्हिडिओच्या आधी-मध्ये जी जाहिरात येते तिच्या उत्पन्नातून यूट्यूब मोठ्या व्हिडिओसाठी बनवणाऱ्याला शंभरातले पंचावन्न रुपये देते आणि पंचेचाळीस आपल्याकडे ठेवते. अगदी छोट्या, उभ्या तुकड्यांसाठी बनवणाऱ्यांच्या वाट्याचा दर पंचेचाळीस टक्के आहे. अडत म्हणून पाहिले तर ही अडत जबर आहे. कापडाच्या बाजारात एवढी दलाली मागणाऱ्याला कोणी दारात उभे करणार नाही. पण दुकान त्याचे, गोदाम त्याचे आणि गिऱ्हाईकही तोच आणून देतो. हा हिस्सा मिळण्यास पात्र होण्यासाठी चॅनेलचे किमान एक हजार सभासद आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले गेल्याची नोंद लागते. दुसऱ्याच्या कार्यक्रमाचे तुकडे कापून टाकणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, उलट त्याचे चॅनेल बंद होऊ शकते. आमच्या बिरादरीतील जी मुले टीव्हीचे तुकडे टाकून श्रीमंत होण्याची स्वप्ने पाहतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

जाहिरातदार जे पैसे देतो ते साबणाच्या आणि बिस्किटाच्या किमतीत घालून आपल्याकडूनच वसूल करतो. म्हणजे एक हप्ता आपण तेथे देतो. दुसरा हप्ता रिचार्जचा. तिसरा हप्ता मात्र कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. तो वेळेचा.

वेळेची वही

आम्ही एक साधा हिशेब केला. दुकानात एका माणसाने दुकानाच्या वेळेत रोज फक्त अर्धा तास फोनवर कॉमेडी पाहिली, असे धरू. वर्षाला दुकान तीनशे दिवस उघडे. दीडशे तास झाले. दहा तासांचा दिवस धरला तर पंधरा दिवस. आमच्या दुकानात तिघे आहोत, म्हणजे पंचेचाळीस दिवसांची हजेरी गेली. पोऱ्या पंचेचाळीस दिवस सुट्टीवर गेला असता तर आम्ही त्याला ठेवला असता काय? आणि अर्धा तास ही आम्ही फार कमी धरलेली गोष्ट आहे. कोणीही आपल्या फोनमधील वेळेची नोंद उघडून पाहावी. आम्ही पाहिली आणि ती घरात कोणाला दाखवली नाही.

कारागिरांचे नुकसान याहून वेगळे. आमच्या समोरच्या टेलरमास्टरांनी ईदच्या गर्दीत मशीनवर फोन उभा करून ठेवला होता. हात सवयीने चालत होते, डोळे हास्यजत्रेवर होते. सुई बोटातून आरपार गेली. नऊ दिवस काम बंद आणि तेही सीझनमध्ये. आता मास्टर पाहत नाहीत, ऐकतात. फोन उलटा ठेवतात. ते सांगतात की चांगली कॉमेडी ऐकूनही तेवढेच हसू येते आणि वाईट कॉमेडी लगेच ओळखू येते, कारण तिच्यात नुसतेच तोंड वाकडे करणे असते.

तिसरे नुकसान इज्जतीचे, आणि ते आमच्या मुलाने करून घेतले. दुकानाची प्रसिद्धी व्हावी म्हणून त्याने स्वतःच एक विनोदी तुकडा तयार केला. एक गिऱ्हाईक येते, वीस थान उघडायला लावते, प्रत्येकाला हात लावून पाहते आणि शेवटी "घरच्यांना विचारून येतो" म्हणून निघून जाते. पोऱ्याने गिऱ्हाइकाचे काम केले. बाजारात सगळे पोट धरून हसले. चार दिवसांनी आमचे एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "आमची चाल, आमची टोपी, आमचे बोलणे. सेठ, आम्ही तुमच्याकडे कापड घ्यायला येतो की तुम्हाला हसवायला?" खरोखर पोऱ्याने त्यांचीच नक्कल केली होती. आम्ही माफी मागितली, मुलाने तो तुकडा काढून टाकला. त्याने पुढे दुसरा बनवला. त्यात तो स्वतःच उधारी मागायला जातो आणि प्रत्येक घरी चहा पिऊन रिकाम्या हाताने परत येतो. त्यावरही लोक हसले, आणि कोणाचे मन दुखले नाही. उलट एका बाईंनी "बेटा, आमची राहिलेली बाकी" म्हणून साडेतीनशे रुपये आणून दिले.

आमच्या दुकानाचा कायदा

सल्ला देणे सोपे असते. म्हणून आमच्या दुकानात आम्ही काय ठरवले तेवढेच सांगतो.

पहिले, काउंटरवर फोन वाजला तर घ्यायचा, व्यवहाराचा संदेश आला तर पाहायचा, पैसे आल्याचा आवाज ऐकायचा. करमणुकीचे काही लावायचे नाही. दुपारी ज्याला पाहायचे असेल त्याने मागच्या खोलीत जाऊन अर्धा तास पाहावे, आणि त्या वेळी दुसऱ्याने काउंटरवर बसावे. हा नियम सेठलाही लागू. पहिल्या आठवड्यात तो दोनदा मोडला, दोन्ही वेळा आमच्याकडून.

दुसरे, कोणी पाठवलेला चोरीचा सिनेमा पुढे पाठवायचा नाही. जे पाहायचे ते बनवणाऱ्याच्या किंवा वाहिनीच्या स्वतःच्या ठिकाणी जाऊन पाहायचे. पाहणाऱ्याचे काही जास्त जात नाही, पण ज्याने सायकलींवर डाकू बसवले त्याच्या घरात चार पैसे जातात.

तिसरे, गिऱ्हाइकावर विनोद करायचा नाही. करायचा तर स्वतःवर. आमच्या धंद्यात स्वतःवर हसण्याजोगे इतके आहे की दुसऱ्याकडे जाण्याची गरज पडणार नाही.

चौथे, रात्री शटर ओढल्यावर मोकळीक. घरी जेवण झाले की मुलगा फोन टीव्हीला जोडतो. आमची आई, आम्ही, मुले असे सगळे बसून एखादा भाग पाहतो. आईला चिमणराव आठवतो, आम्हाला 'नुक्कड', मुलांना त्यांचे काही. प्रत्येकाने एकटे हसण्यापेक्षा हे आम्हाला बरे वाटते. कधी पोऱ्याही थांबतो, जेवतो आणि पाहून मग जातो.

ते वयस्क गृहस्थ पुन्हा आमच्या दुकानात आले नाहीत. दोनदा रस्त्यात दिसले. आम्ही सलाम केला, त्यांनी जवाब दिला. दुसऱ्या वेळी आम्ही थांबून त्या दिवसाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, माझी बीवी स्वतः फार हसरी होती. तुमचे हसणे ऐकून मला तीच आठवली. पण घरी सगळे खोळंबले होते, तेवढी घाई होती."

त्यांना घाई होती आणि आम्हाला दिसले नाही, एवढाच आमचा कसूर. आता दुपारी मंदीच्या वेळी आम्ही काउंटरवर रस्त्याकडे तोंड करून बसतो. मागच्या खोलीतून पोऱ्याचा हसण्याचा आवाज येतो. येऊ द्यावा. अर्ध्या तासाने त्याची पाळी संपते आणि आमची सुरू होते.